शिडाच्या नौकेवरचा संसार : पाणी, वीज आणि झोपेचा हिशेब

नांगरदोरी

आम्ही नवरा-बायको बारा मीटर लांबीच्या शिडाच्या नौकेवर राहतो आणि गेली तीन वर्षे दक्षिण पॅसिफिकमधील उष्णकटिबंधीय बेटांमधून फिरतो आहोत. हे कोणाला सांगितले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर निळे पाणी, पांढरी वाळू आणि नारळाची झाडे उभी राहतात. ती सगळी इथे आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु तुम्ही दिवसभर नेमके काय करता, असे कोणी विचारले तर आमचे प्रामाणिक उत्तर ‘मोजत बसतो’ असेच असेल. टाकीत पाणी किती उरले, बॅटरीत वीज किती उरली आणि काल रात्री कोण किती झोपले, हे तीन हिशेब रोज मांडावे लागतात. पहिल्या दोन हिशेबांविषयी पुष्कळ लिहिले जाते. तिसऱ्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही, आणि दोघांच्याच नौकेवर सगळे काही त्या तिसऱ्यावर अवलंबून असते असे माझे मत झाले आहे, म्हणून हा धागा.

सकाळ उजाडली की चहाच्याही आधी बाहेर येऊन आदल्या संध्याकाळी हेरून ठेवलेल्या खुणा पाहायच्या असतात. किनाऱ्यावरचा एखादा खडक आणि त्यामागचे झाड एका रेषेत दिसत होते, ते अजून तसेच दिसते का? वाऱ्याबरोबर नौका नांगराभोवती फिरते, त्यामुळे रेषा थोडी हलणारच. पण फिरणे आणि घसरणे यांतला फरक काही दिवसांनी डोळ्यांना आपोआप कळू लागतो. त्यानंतर वायुभारमापकाचा आकडा वहीत लिहायचा. उष्णकटिबंधात हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, साधारण सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास तो सर्वांत जास्त असतो. त्यामुळे सकाळच्या आकड्याची तुलना कालच्या त्याच वेळेच्या आकड्याशी करायची, दुपारच्या आकड्याशी नव्हे. त्या वेळेच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा दाब तीन मिलिबारने खाली दिसला तर हवामानाचा अंदाज पुन्हा उघडून पाहायचा, आणि पाच मिलिबारने उतरला तर जवळपास वादळ आहे असे समजून कामाला लागायचे, असा जुना दर्यावर्दी नियम आहे. दक्षिण पॅसिफिकमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा हंगाम असल्यामुळे त्या काळात आम्ही वादळांच्या पट्ट्याबाहेर राहतो. तरीही आकडा लिहिण्याची सवय मोडलेली नाही.

आमच्या टाक्यांमध्ये चारशे लिटर पाणी मावते आणि दोघांना मिळून दिवसाला वीस-पंचवीस लिटर लागते. भांडी आधी समुद्राच्या पाण्याने घासायची आणि शेवटचा हात तेवढा गोड्या पाण्याचा फिरवायचा. कपड्यांच्या बाबतीत मात्र ही काटकसर चालत नाही, कारण खाऱ्या पाण्यात धुतलेला कपडा कितीही वाळवला तरी त्यातले क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात आणि संध्याकाळी तो पुन्हा दमट लागतो. समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र आमच्याकडे आहे. ते तासाला तीसेक लिटर पाणी देते, पण त्याला वीज लागते, आणि विजेवर पहिला हक्क फ्रिजचा. सौर पट्ट्या स्वच्छ उन्हात भरपूर देतात. दोन दिवस ढग राहिले की फ्रिज, पाण्याचे यंत्र आणि लॅपटॉप यांच्यात कोणाला उपाशी ठेवायचे याची पंचाईत होते. हे सगळे आकड्यांचे असल्यामुळे त्यात भांडणाला जागा नसते.

झोपेचे तसे नाही. मार्केसस बेटांवरील एका उपसागरात आम्ही दोन रात्रींचा प्रवास करून संध्याकाळी पोहोचलो. पाणी दहा मीटर खोल होते. नाळेची, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची दीड मीटर धरली तर साडेअकरा मीटर होतात, आणि आमचा नियम पाचपट साखळीचा आहे, म्हणजे सत्तावन्न-अठ्ठावन्न मीटर साखळी सोडायला हवी होती. आम्ही पस्तीस सोडली. का, तर शेजारच्या नौका जवळ वाटत होत्या, अंधार पडत आला होता आणि मला फक्त आडवे व्हायचे होते. नवऱ्याने ‘पुरेल ना?’ असे विचारले आणि मी ‘पुरेल’ म्हणाले. वास्तविक नांगर त्याच्या वजनामुळे धरत नाही. साखळी तळावर लोळत असली आणि तिचा ओढा आडवा असला की नांगराचे पाते वाळूत रुतत जाते. साखळी आखूड असेल तर ओढा वरच्या दिशेने होतो आणि पाते उचकटते. रात्री दोन वाजता डोंगरावरून वाऱ्याचा झोत आला आणि नेमके तेच झाले. इंजिन सुरू केले तर धूर निघणाऱ्या तोंडातून इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार येईना. इंजिन तापण्याआधी ते बंद करून आणखी वीस मीटर साखळी सोडली. मागे जागा होती हे आमचे नशीब. नांगराने पुन्हा पकड घेतली आणि उरलेली रात्र आम्ही दोघांनी बाहेर बसून काढली.

सकाळी समुद्राचे पाणी खेचणारा पंप उघडला. त्यात रबराचे सहा पाकळ्यांचे एक चाक असते, त्याच्या चार पाकळ्या तुटलेल्या होत्या. नवे चाक बसवायला दहा मिनिटे लागली. तुटलेले चार तुकडे शोधायला दोन तास लागले, कारण एक जरी आत राहिला तरी तो पुढे जाऊन नळी अडवतो. तीन तुकडे पंपातच सापडले. चौथा उष्णता बदलणाऱ्या नळकांड्याच्या तोंडाशी आडवा बसलेला होता, आणि तो चिमट्याने निघेपर्यंत आम्ही एकमेकांशी अवाक्षर बोललो नाही. चाक कधीतरी तुटणारच होते, पण साखळी आखूड सोडणे हा निव्वळ थकव्याचा निर्णय होता. त्या दिवसापासून वहीत वायुभाराच्या शेजारी ‘झोप’ असे आणखी दोन रकाने आले, एक त्याचा आणि एक माझा.

किनारपट्टी

लेख वाचून डोळ्यांसमोरचे नारळ थोडे मागे सरकले. माझी शंका कदाचित बाळबोध असेल. मोठ्या प्रवासात रात्र झाली की तुम्ही समुद्रात नांगर टाकून थांबता का? थांबत नसाल तर दोघांपैकी एक जण सतत जागा असतो का? आणि त्या काळोखात तो नेमके काय पाहत असतो?

नांगरदोरी

किनारपट्टी, ही शंका आम्हाला सर्वाधिक वेळा विचारली जाते आणि ती मुळीच बाळबोध नाही. भर समुद्रात पाणी चार-चार हजार मीटर खोल असते, तेव्हा नांगर टाकण्याचा प्रश्नच येत नाही; नौका रात्रंदिवस चालत राहते. गालापागोसपासून मार्केससपर्यंत सुमारे तीन हजार सागरी मैल अंतर आहे. आमची नौका दिवसाकाठी सरासरी एकशे तीस मैल तोडते, म्हणजे हा प्रवास तेवीस दिवसांचा झाला. या तेवीस दिवसांत आम्ही दोघे एकाच वेळी झोपलेले आहोत असा एकही क्षण नसतो. रात्री तीन-तीन तासांच्या पाळ्या असतात. वाऱ्यावर चालणारे स्वयंचलित सुकाणू दिशा सांभाळते, त्यामुळे चाक धरून उभे राहावे लागत नाही. पाळीवरच्या माणसाने दर बारा मिनिटांनी उठून संपूर्ण क्षितिजावरून नजर फिरवायची आणि शिडे, बॅटरी व जवळपासच्या जहाजांची ओळख दाखवणारा पडदा पाहायचा. बारा मिनिटे यासाठी की मोठे मालवाहू जहाज वीस नॉटने (ताशी वीस सागरी मैल) आणि आम्ही पाच नॉटने समोरासमोर येत असू, तर पंधरा मिनिटांत सहा मैलांहून अधिक अंतर संपते; क्षितिजावर दिवा दिसल्यापासून हातात एवढाच वेळ उरतो. पडद्यावर सगळेच दिसते असेही नाही, कारण लहान मासेमारी नौकांवर ते यंत्र पुष्कळदा नसते.

एक नियम मात्र लोखंडी आहे. दुसऱ्याला उठवल्याशिवाय रात्री एकट्याने बसण्याच्या खोलगट जागेतून बाहेर पाय टाकायचा नाही, आणि टाकायचा तर कमरेचा पट्टा दोरीने नौकेला अडकवूनच. खाली झोपलेल्या माणसाला पाण्यात पडल्याचा आवाज ऐकू येत नाही.

जुना यंत्रज्ञ

मी आयुष्यभर मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत काम केले आहे, त्यामुळे आपल्या चौथ्या तुकड्याची गोष्ट वाचून सहानुभूती वाटली. आमच्या पंपांचे भाग हाताएवढे असत, पण शोधण्याची पद्धत हीच. पाणी गोडे करण्याच्या यंत्राविषयी थोडी भर घालतो. या यंत्रात समुद्राचे पाणी सुमारे पंचावन्न बार दाबाने पातळ पडद्यातून दाबले जाते. पाणी पार होते आणि क्षार मागे राहतात. या पडद्याला क्लोरीनचे वावडे आहे. बंदरात मिळालेले क्लोरीनयुक्त पाणी टाकीत भरून त्याच पाण्याने यंत्र धुतले तर पडदा हळूहळू निकामी होतो, म्हणून मध्ये कोळशाची गाळणी हवी. बंदरातल्या तेलकट पाण्यात यंत्र चालवूच नये. शिवाय ते वापराविना पडून राहिले तर आत सूक्ष्मजीव वाढतात. आठवड्यातून एकदा तरी गोड्या पाण्याने धुवावे. आपण हे करीत असालच. मात्र झोपेचा रकाना ही कल्पना मला आमच्या काळी सुचायला हवी होती.

नांगरदोरी

कोळशाची गाळणी आहे, आणि ती असण्याचे कारण पहिल्या वर्षी वाया गेलेला पडदा हे आहे. ती चूक सर्वस्वी आमची होती, त्यामुळे त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

उंबरठा

मला यंत्रांपेक्षा माणसांचे कुतूहल जास्त आहे. बारा मीटरची नौका म्हणजे आत राहण्याची जागा एखाद्या मोठ्या खोलीएवढी असणार. तेथे चोवीस तास एकच माणूस समोर असतो, रागावून बाहेर निघून जाण्याची सोय नाही. भांडणे होतात का, आणि झाली तर कशावरून होतात?

नांगरदोरी

होतात, आणि आश्चर्य म्हणजे जागा अपुरी म्हणून क्वचितच होतात. सर्वाधिक भांडणे नांगर टाकताना होत असत. एक जण नाळेवर साखळीपाशी, दुसरा बारा मीटर मागे इंजिनपाशी. मध्ये वारा आणि इंजिनाचा आवाज. पुढचा ओरडतो ते मागच्याला ऐकू येत नाही, मग तोही ओरडतो, आणि ओरडण्याचा सूर राग नसताना रागासारखाच लागतो. शिवाय सगळा नांगरतळ प्रेक्षक असतो. कोणती नवी नौका आली की आधीच्या सगळ्यांच्या हाताला एकाएकी बाहेरचे काही तरी काम लागते आणि तमाशा सुरू होतो.

यावर आम्ही हातांच्या खुणा ठरवल्या. पसरलेला हात ज्या बाजूला, त्या बाजूला वळायचे. मूठ मिटली की इंजिन मोकळे सोडायचे. तळहात मागे ढकलला की सावकाश मागे. शेवटची खूण सर्वांत महत्त्वाची आहे. साखळी पूर्ण सोडल्यावर इंजिन मागे ओढत असताना मी उघड्या पायाचा तळवा साखळीवर ठेवते. नांगर वाळूत रुतला असेल तर साखळी ताठ आणि स्तब्ध लागते. घसरत असेल तर बारीक थरथर आणि मध्येच हिसका जाणवतो, आणि प्रवाळावर घासत असेल तर ती खरखर पायातून गुडघ्यापर्यंत येते. तळव्याखाली पूर्ण शांत वाटले तरच मी अंगठा वर करते. तोपर्यंत मागून कोणी काही विचारायचे नाही, असा करार आहे.

दुसरे भांडण झोपेवरूनच असते, पण उलट्या दिशेने. पाळी संपली तरी समोरच्याला उठवायचे नाही, ‘बिचारा झोपू दे’ म्हणून आपणच आणखी एक तास काढायचा, हा प्रेमाचा प्रकार आमच्याकडे आता निषिद्ध आहे. त्यात उठणाऱ्याला अपराधी वाटते आणि जागणारा दुसऱ्या दिवशी चुका करतो.

कंकणद्वीप

आम्हीही दोन हंगाम त्याच भागात काढले आहेत, म्हणून थोडी असहमती नोंदवतो. आपल्या लेखनातून सर्व काही झोपेवर येऊन ठरते असे चित्र उभे राहते. माझ्या अनुभवात जागा कोणती आहे यावर त्याहून अधिक अवलंबून असते. मार्केसस ही तरुण ज्वालामुखी बेटे आहेत, त्यांच्याभोवती लाटा अडवणारी प्रवाळभिंत जवळजवळ नाही. त्यामुळे उपसागरात समुद्राची लाट सरळ आत येते, नौका रात्रभर डावी-उजवी डोलते आणि थकलेला माणूससुद्धा झोपू शकत नाही. याउलट तुआमोतूची कंकणद्वीपे. डार्विनने १८४२ मध्ये मांडल्याप्रमाणे मधला ज्वालामुखी खचत गेला आणि प्रवाळ वर वाढत राहिले, म्हणून तेथे फक्त कडे उरले आहे. आत लगूनचे, म्हणजे कड्याने वेढलेले, पाणी इतके स्थिर असते की पेला टेबलावर ठेवून विसरावा. तेथे आम्हाला झोपेचा हिशेब कधी करावा लागला नाही. तेथील खरा धोका दिवसाचा आहे : कड्यातल्या अरुंद खिंडीतून आत शिरणे आणि आत पाण्याखालील प्रवाळाचे खांब चुकवणे.

नांगरदोरी

बेटांविषयीचे आपले वर्णन तंतोतंत खरे आहे, आणि मार्केससच्या डोलण्यावर उपाय म्हणून मागच्या बाजूने दुसरा नांगर टाकून नाळ लाटेसमोर धरून ठेवणे आम्हीही शिकलो. परंतु आपण ज्याला दिवसाचा धोका म्हणता, तो मला रात्रीच्याच हिशेबाचा पुढचा आकडा वाटतो.

खिंडीचे उदाहरण घेऊ. दक्षिणेकडून मोठी लाट येत असेल तर ती कड्यावरून आत पाणी लोटत राहते, आणि ते सगळे पाणी बाहेर पडायला खिंडीवाचून वाट नसते. त्यामुळे भरती-ओहोटीच्या कोष्टकात पाणी स्थिर दाखवलेले असूनही खिंडीत बाहेर जाणारा जोराचा प्रवाह असू शकतो. हा प्रवाह समोरच्या वाऱ्याला भिडला की उभ्या लाटा उसळतात. अशा वेळी कोष्टक बाजूला ठेवून दुर्बिणीतून पाणी पाहायचे आणि ‘आत्ता नाही’ असे म्हणायचे. आत शिरल्यावर ऊन डोक्यावर किंवा पाठीशी हवे, म्हणजे पाण्याचे रंग वाचता येतात : गडद निळे ते खोल, फिकट हिरवे ते वाळूवरचे उथळ, आणि तपकिरी दिसले की प्रवाळ. हे सकाळी दहा ते दुपारी तीनपर्यंतच जमते. या दोन्ही गोष्टींना थांबण्याची तयारी लागते, आणि थकलेला माणूस पहिल्यांदा हरवतो ती हीच तयारी. दोन रात्री न झोपलेल्याला समोरची खिंड नेहमीच शांत दिसते.

शांत लगूनमध्येही प्रवाळाच्या खांबांना साखळी गुंडाळते, म्हणून आम्ही साखळीला ठरावीक अंतरावर तरंगती बोंडे बांधून तिला तळापासून उचलून धरतो. आपणही करीत असाल. वारा फिरल्यावर साखळी प्रवाळाला अडकली, तर तो करकराट नौकेच्या पोटात एखाद्या ढोलातल्यासारखा घुमतो, आणि पेला स्थिर असूनही झोप उडते.

पडशी

वैद्यकीय व्यवसायात असल्यामुळे एकच मुद्दा. आपण मासे पकडून खात असाल तर प्रवाळाजवळ राहणाऱ्या मोठ्या शिकारी माशांपासून सावध राहावे. प्रवाळावरच्या सूक्ष्म शैवालातील विष लहान माशांतून मोठ्या माशांत साठत जाते, त्याला सिग्वाटेरा म्हणतात. हे विष शिजवून किंवा गोठवून नष्ट होत नाही आणि माशाची चव वा वास बदलत नाही. उलट्या-जुलाबांबरोबर थंड वस्तू हाताला जळजळीत लागणे हे त्याचे विलक्षण लक्षण आहे. तसेच प्रवाळाने खरचटलेली जखम लहान दिसली तरी लगेच गोड्या पाण्याने व साबणाने नीट धुवावी; उष्ण, दमट हवेत ती फार लवकर चिघळते.

नांगरदोरी

आभारी आहे. लगूनमधला मासा आम्ही खातच नाही. खुल्या समुद्रात गळाला लागलेला ट्यूना किंवा माही-माही तेवढा खातो. जखमेचा धडा मात्र एका पोटरीवर तीन आठवडे वागवून झालेला आहे.

किनारपट्टी

पुन्हा एक प्रश्न. झोपेच्या रकान्यात आकडा लिहून पुढे काय करता? आकडा कमी आला म्हणून समुद्र थांबत नाही.

नांगरदोरी

समुद्र थांबत नाही, नौका थांबवता येते. आमचा नियम असा आहे की मागच्या चोवीस तासांत दोघांपैकी एकाचीही झोप पाच तासांहून कमी झाली असेल तर अनोळखी ठिकाणी शिरायचे नाही. पुढचे छोटे शीड वारा येतो त्या बाजूला ताणायचे आणि सुकाणू नौकेला वाऱ्याकडे वळवेल असे बांधून टाकायचे. मग पुढे जाण्याचा व वळण्याचा जोर एकमेकांना मारतो आणि नौका वाऱ्याशी तिरकी होऊन जवळजवळ जागच्या जागी तरंगत राहते. दर्यावर्दी याला ‘हीव्ह-टू’ म्हणतात. आवाज एकदम कमी होतो, डोलणे मंदावते. पहिल्यांदा केले तेव्हा कोणी तरी दार लावून घेतल्यासारखे वाटले होते.

गेल्या हंगामात तुआमोतूमधल्या एका कंकणद्वीपाच्या बाहेर आम्ही पहाटे चार वाजता पोहोचलो. रकान्यात माझ्या नावापुढे साडेपाच आणि नवऱ्याच्या नावापुढे साडेतीन होते. वारा बेटापासून दूर नेणारा होता, म्हणून सहा मैलांवर नौका थांबवली. उजाडल्यावर नारळाच्या झाडांचे शेंडे क्षितिजावर दिसू लागले, एक नौका खिंडीतून आत गेलीही, आणि नवरा खाली घोरत होता. मी क्षितिज पाहत बारा-बारा मिनिटे मोजत राहिले. साडेदहाला त्याला उठवले तेव्हा बाहेर येऊन त्याने आधी खिंडीकडे पाहिले, मग वहीकडे, आणि स्वतःच्या रकान्यातला साडेतीन खोडून साडेनऊ लिहिले. मग आम्ही शिडे सोडवली.